एका पेशीचे अनेक उगम

मज्जातंतूवर मायलिनचे मेदाळ वेष्टण असले म्हणजे संदेश तंतूवरून रांगत न जाता उड्या घेत धावतो. मेंदूत हे वेष्टण चढवणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट पेशींना 1921 साली स्पेनच्या पीओ देल रिओ ऑर्तेगा यांनी नाव दिले. त्या येतात कुठून, हा प्रश्न प्रयोगशाळेपुरताच वाटतो. पण गडचिरोलीच्या खेड्यात सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाशी त्याचे नाते आहे, हे मला आज मांडायचे आहे.

लंडनच्या संशोधकांनी 2006 साली उंदरांच्या गर्भात मूळ पेशींवर जनुकीय खुणा करून त्यांच्या वंशजांचा माग काढला. अग्रमेंदूत ऑलिगोडेंड्रोसाइटच्या पूर्वपेशी तीन लाटांनी येतात, असे दिसले: पहिली तळाच्या भागातून, दुसरी तिच्या बाजूच्या भागातून आणि तिसरी जन्मानंतर खुद्द बाह्यकातून. पहिल्या लाटेतल्या बऱ्याच पेशी पुढे नाहीशा होतात. मग संशोधकांनी घटसर्पाचे विष वापरून एकेक उगम नष्ट करून पाहिला. उरलेल्यांनी जागा भरून काढली आणि मायलिन नेहमीइतकेच झाले.

यावर कोणी म्हणेल, निसर्गाने एवढी शिल्लक ठेवली असेल तर चिंता कसली? वर्धा आटली तरी प्राणहितेला वैनगंगेचे पाणी मिळतेच. खरे आहे, पण अपुऱ्या दिवसांच्या बाळावरचा घाव संगमाच्या वर बसत नाही, खाली बसतो. माणसात साधारण 23 ते 32 आठवड्यांच्या काळात मेंदूच्या श्वेतभागात अर्धवट वाढलेल्या पूर्वपेशींचीच गर्दी असते, आणि प्राणवायूची टंचाई व जंतुसंसर्गाचा दाह या दोन्ही गोष्टी त्यांना सोसत नाहीत. त्यांचा उगम कुठलाही असो, त्या वयात त्या सारख्याच नाजूक. पुढे नव्या पूर्वपेशी वाढतात, पण प्राण्यांवरील अभ्यास सांगतात की त्या पक्व होण्याआधीच अडखळतात. संख्या भरते, वेष्टण चढत नाही. पाय ताठरणे, उशिरा चालणे ही त्याची दिसणारी खूण.

आता गडचिरोलीकडे पाहू. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरोघरी नवजात बालसेवा दिली: गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, ऊब, स्तनपान, जंतुसंसर्ग ओळखून उपचार. 1999 साली ‘द लॅन्सेट’मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा सुमारे 62 टक्क्यांनी घटले. आक्षेप येईल की तिथे मृत्यू मोजले, मायलिन नव्हे. आक्षेप रास्त आहे; मेंदू वाचल्याचा पुरावा म्हणून ते आकडे मी मांडत नाही. पण गुदमरणे आणि जंतुसंसर्ग हे या पूर्वपेशींचे वैरी, आणि त्या वैऱ्यांनाच त्या स्त्रियांनी दारात अडवले, एवढे निश्चित. म्हणून अपुऱ्या दिवसांचे बाळ वाचले की नोंदवही मिटू नये. ते कधी बसले, कधी चालले, कधी बोलले, हेही तिच्यात लिहिले जावे.