कीव्ह ते मॉस्को

मुंबईहून नागपूरला विमानाने जावयाचे तर आकाशातील अंतर सुमारे ६८० किलोमीटर भरते. कीव्ह आणि मॉस्को या दोन युरोपीय शहरांमधील अंतर त्याहून किंचित अधिक, म्हणजे सुमारे ७५५ किलोमीटर आहे. हा प्रवास दीड तासाचा असे. ‘असे’ हे क्रियापद मी हेतुपुरस्सर योजिले आहे.

ताशी आठशे किलोमीटर जाणाऱ्या जेट विमानाला खरे तर तासही लागू नये. पण धावपट्टीपर्यंत सरकत जाणे, उंची गाठणे आणि उतरणे हा वरखर्च प्रत्येक उड्डाणाला आहेच, आणि जवळच्या प्रवासात तो अधिक जाणवतो.

दुर्ग जिल्ह्यातील भिलाईत बसून या दूरच्या अंतराची चौकशी कशाला, असे कोणी विचारील. परंतु आम्हा भिलाईकरांना ही दोन्ही नावे परकी नाहीत. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते येथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. त्या काळात आलेले तंत्रज्ञ रशियातले होते, तसेच युक्रेनमधलेही होते. गावाने मात्र सर्वांना सरसकट ‘रशियन’च म्हटले. त्यांचे मुख्य अभियंता वेनियामिन दिमशित्स यांनी युद्धात उद्ध्वस्त झालेला युक्रेनमधील झापोरिझ्झ्याचा पोलाद कारखाना पुन्हा उभारण्याच्या कामाचे नेतृत्व केले होते. पुढे ते मॉस्कोत उपपंतप्रधान झाले. अशा माणसाला या दोन देशांमधले अंतर दीड तासाचेच वाटले असणार.

२०१४ मध्ये संघर्ष पेटला आणि २५ ऑक्टोबर २०१५ पासून ही थेट विमाने बंद झाली. मग लोक बेलारूसमधील मिन्स्कला उतरून दुसरे विमान धरीत. दीड तासाचे चार-पाच तास सहज होत. मे २०२१ मध्ये युक्रेनने बेलारूसशी असलेली विमान वाहतूकही थांबविली. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने आक्रमण केले आणि युक्रेनचे सारे आकाशच प्रवासी विमानांना बंद झाले. तेथे शिकणाऱ्या हजारो भारतीय विद्यार्थ्यांना तेव्हा आगगाडीने, बसने, काहींना पायीसुद्धा पोलंड, हंगेरी, रुमानियाच्या सीमा गाठाव्या लागल्या. मायदेशी आणणारी विमाने त्यांना मिळाली ती सीमेपलीकडे.

आज कोणाला परवाने मिळून कीव्हहून मॉस्कोला जावयाचेच झाले, तर आगगाडीने वॉर्सा, तेथून विमानाने इस्तंबूल आणि मग मॉस्को, असा एक मार्ग उरतो. प्रत्येक टप्पा सरळ रेषेत धरला तरी बेरीज ३,८०० किलोमीटरच्या आसपास जाते, म्हणजे मूळ अंतराच्या पाचपट. त्यातही शेवटचा टप्पा सरळ नाहीच, कारण इस्तंबूलहून निघालेले विमान युक्रेनचे आकाश टाळून पूर्वेकडे कॉकेशसचा वळसा घेते, आणि मगच उत्तरेला वळते.