पहिला रॉड घेण्याआधी: टेक्ससच्या तळ्यातला बास

आजचा भाग माशांवर आहे. खाण्यावर नाही, पकडण्यावर. म्हणजे खाण्याचा विषय येईलच, आपण मराठी माणसं आहोत, पण शेवटी शेवटी.

झालं असं की टेक्ससमध्ये मास्टर्स करायला आलेल्या एका श्रोत्याची व्हॉइस नोट आली. "ताई, आमच्या अपार्टमेंटच्या मागे तळं आहे, रोज संध्याकाळी लोक रॉड घेऊन उभे असतात. मलाही करायचंय. बजेट शंभर डॉलर. दुकानात गेलो तर भिंतभर रॉड, डोकं फिरलं. काय घेऊ?" मी गेली काही वर्षं इथेच राहते आणि शनिवारची पहाट बहुतेक वेळा पाण्याकाठी जाते, त्यामुळे उत्तर जरा लांबलं. म्हटलं, सगळ्यांनाच सांगू.

आधी मासा कोणता ते बघू. इथल्या तळ्यांत लोक ज्याच्या मागे असतात तो लार्जमाउथ बास. हिरवट अंग, कुशीवर काळपट पट्टा, आणि तोंड इतकं मोठं की जबड्याचा कोपरा डोळ्याच्याही मागे जातो. भारतात हॉटेलच्या मेनूवर 'सी बास' असतो ना, तो आपला जिताडा. त्याचा आणि याचा नावापुरताच संबंध. लार्जमाउथ हा खरं तर सनफिशच्या कुळातला, गोड्या पाण्यातला.

हा मासा फार पाठलाग करत नाही. बुडलेलं झाड, पाणवेलीची कड, धक्क्याखालची सावली अशा आडोशाला दबा धरून बसतो. समोरून काही गेलं की तोंड उघडतो, पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, आणि चुकीचं वाटलं तर तितक्याच झटक्यात थुंकून टाकतो. ही एक गोष्ट डोक्यात ठेवा, कारण रॉड, लाइन, गळ, सगळ्याची निवड तिच्यावरून ठरते.

आता रील. दोन प्रकार मुख्य. स्पिनिंग, जी रॉडच्या खाली लटकते, आणि बेटकास्टर, जी वर बसते. यूट्यूबवरचे सगळे प्रो बेटकास्टर वापरतात, म्हणून पोरं तीच उचलतात. तिचा स्पूल फेकताना स्वतः फिरतो. आमिष पाण्यात पडलं तरी स्पूल फिरत राहिला की लाइनचं घरटं होतं, आणि ते सोडवण्यात संध्याकाळ जाते. अंगठ्याने स्पूल आवरायला शिकावं लागतं. शिका, पण नंतर. पहिली रील स्पिनिंग, २५०० किंवा ३००० साइझची. हलकी आमिषं तिच्यावर लांब जातात, आणि तळ्यावर हलकीच आमिषं जास्त चालतात. एक सवय मात्र पहिल्या दिवसापासून: फेकून झालं की वरची तार, म्हणजे बेल, हँडल फिरवून नाही, हाताने बंद करायची. लाइनला पीळ पडणं बरंच कमी होतं.

रॉडवर मुठीच्या वर बारीक अक्षरांत सगळं लिहिलेलं असतं. कोणी वाचत नाही! लांबी, पॉवर, ॲक्शन, किती पौंडाची लाइन, किती वजनाचं आमिष. पॉवर म्हणजे वाकायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे कुठून वाकतो. 'फास्ट' लिहिलं असेल तर टोकाकडचा भाग वाकतो, बाकीचा ताठ राहतो, त्यामुळे तोंड लागल्याचं हाताला लगेच कळतं आणि गळही पटकन रुततो. श्रोत्याला माझं उत्तर: साडेसहा ते सात फूट, मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शन. आमिषाच्या वजनासमोर साधारण १/८ ते ५/८ औंस असावं. १/४ औंस म्हणजे सात ग्रॅम, एवढा हिशेब पाठ ठेवा. इथलं सगळं औंसात चालतं.

रॉड आणि रील जोडीने साठ-सत्तर डॉलरमध्ये बरं मिळतं. उरलेले पैसे रॉड आणखी भारी घेण्यात घालू नका. लाइन आणि गळ चांगले घ्या, कारण मासा त्यांना धरून असतो.

लाइन, म्हणजे कोकणात ज्याला तंगूस म्हणतात. मोनो स्वस्त, ताणली जाते, गाठ सोपी. फ्लुओरोकार्बन बुडतो, पाण्यात कमी दिसतो, कमी ताणला जातो, पण रीलवर ताठ बसतो. ब्रेड म्हणजे विणलेला दोरा. तो जवळजवळ ताणलाच जात नाही, आणि १५ पौंडाचा ब्रेड जाडीला साधारण ४ पौंडाच्या मोनोएवढा असतो. मी स्पिनिंगवर १५ पौंडाचा ब्रेड आणि पुढे हातभर ८ किंवा १० पौंडाचा फ्लुओरोकार्बन लीडर बांधते. ब्रेड कोऱ्या स्पूलवर बांधला तर सगळा गुंडाळाच स्पूलवर घसरतो. आधी थोडा मोनो गुंडाळा, मग त्यावर ब्रेड. आणि हे सगळं झेपत नसेल तर सरळ ८ पौंडाचा मोनो भरा. खरंच. मासे मिळतात.

गाठ एकच शिका, पालोमार. लाइन दुमडून गळाच्या डोळ्यातून ओवा, साधी गाठ मारा, तयार झालेल्या फासातून अख्खा गळ पलीकडे काढा, थुंकीने ओलं करा आणि ओढा. ओलं करायला विसरायचं नाही. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने तापते आणि लाइन तिथेच कमजोर होते.

ड्रॅग म्हणजे माशाने जोर केला की रीलने लाइन सोडायची घट्टी. लाइनच्या ताकदीच्या साधारण पाव हिश्शावर ठेवावी. मोजायची कशी? भारतातून येताना बॅग तेवीस किलोच्या वर जाऊ नये म्हणून हातात धरायचा वजनकाटा आणला होतात ना? तो लाइनच्या टोकाला लावा आणि ओढा. ८ पौंडाची लाइन असेल तर २ पौंडाला, म्हणजे किलोच्या जरा खाली, रीलने लाइन सोडली पाहिजे. तो काटा एरवी कपाटात पडूनच असतो.

आता माझा आवडता भाग. आमिष. दुकानात हजार प्रकार आहेत, आणि त्यातले बरेचसे मासे पकडायला नाहीत, गिऱ्हाइकं पकडायला आहेत. तुम्ही घ्या प्लास्टिकचे किडे. निक क्रीम नावाच्या ओहायोतल्या माणसाने १९४९ मध्ये मऊ प्लास्टिकचा गांडूळ बनवला, आणि पुढे त्याची कंपनी टेक्ससमधल्या टायलर गावात आली. इथे नवी धरणं बांधली जात होती, आणि पाण्याखाली उभी जंगलंच्या जंगलं गेली होती. टेक्ससमध्ये नैसर्गिक मोठं तळं असं जवळपास नाहीच, जी आहेत ती धरणाची. बास त्या बुडलेल्या झाडांत, आणि उघडा गळ टाकला की फांदीत अडकणार. यावरची तोड म्हणजे टेक्सस रिग.

बांधायची अशी. लाइनमध्ये आधी गोळीच्या आकाराचं वजन ओवा, टोक वर. तळ्यासाठी १/८ किंवा ३/१६ औंस पुरे. मग ३/० साइझचा ऑफसेट गळ बांधा, ज्याच्या मानेला बाक असतो. किड्याच्या डोक्यातून टोक पाव इंच आत घालून बाजूने बाहेर काढा, गळ ओढून बाकापर्यंत आणा, फिरवा, आणि किडा गळाच्या वाकाशी जिथे येतो तिथे टोक पुन्हा आत खुपसा. किडा सरळ लटकला पाहिजे. मुडपला असेल तर पाण्यात गरगर फिरेल आणि लाइनला पीळ बसेल. टोक प्लास्टिकमध्ये लपलेलं, म्हणून फांद्यांतून, वेलींतून बिनधास्त जातं.

टाका, तळाला जाऊ द्या. बुडत असताना लाइनकडे बघा, कारण पुष्कळ वेळा मासा तेव्हाच घेतो. लाइन मध्येच थांबली किंवा आडवी सरकायला लागली तर तोच इशारा. मग रॉडचं टोक हळू वर, खाली, ढील आवरा, थांबा. थांबा म्हणजे मनात दहा मोजा. सगळे नवीन लोक घाई करतात. तोंड लागलं की हाताला 'टक्' जाणवतं, किंवा नुसतं जड वाटतं, ओला फडका अडकल्यासारखं. ढील गुंडाळा आणि रॉड जोरात मागे घ्या. गळाचं टोक आधी प्लास्टिकमधून बाहेर यायचंय, मग जबड्यात शिरायचंय, तेव्हा इथे हलक्या हाताने काम होत नाही. आणि उशीर करू नका. वेळ दिलात तर मासा थुंकेल, किंवा गिळेल. गिळलं तर काय, त्यावर येतेच.

रंगाचं फार डोकं लावू नका. नितळ पाण्यात भोपळी हिरवा, गढुळात काळा-निळा. दोन पाकिटं. यापलीकडे एक पाण्यावरून चालणारं टॉपवॉटर घ्या, पहाटे आणि दिवेलागणीला. त्याच्यावर मासा फुटतो तो आवाज ऐकून कोणीही रॉड उचकतो. उचकू नका, वजन हाताला लागेपर्यंत थांबा. उघडे तिहेरी गळ असतात, त्यामुळे इथे गरज जोराची नाही, धीराची. टेक्सस रिगच्या अगदी उलट.

बरं, आता सोडण्याचा विषय. माझे मामा अलिबागहून आले होते, त्यांनी मी दोन पौंडाचा बास परत पाण्यात सोडताना पाहिला. "पकडून सोडायचं? मग पकडायचं कशाला?" प्रश्न रास्त आहे. इथला सर्वसाधारण नियम सांगतो की १४ इंचांच्या वरचे पाच बास दिवसाला ठेवता येतात. बऱ्याच तळ्यांना वेगळे नियम असतात, काठावरची पाटी वाचा. म्हणजे खायला मनाई नाही. पण मोठा बास वरच्या साखळीतला शिकारी, आणि पारा त्याच्या अंगात साठत जातो. पूर्व टेक्ससमधल्या काही तळ्यांना, कॅडो लेक त्यातलंच एक, बास किती खावा याचा सरकारी इशारा आहे. घरात कोणी गरोदर असेल, लहान मूल असेल, तर तो इशारा ऑनलाइन बघितल्याशिवाय मासा घरी नेऊ नका. आणि अपार्टमेंटच्या मागच्या तळ्यात रस्त्याचं, लॉनच्या औषधांचं पाणी येतं. तो मासा मी खात नाही. मामांना मी हेच सांगितलं. ते म्हणाले, मग निदान नीट सोड.

नीट सोडणं म्हणजे हात ओले करा, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. तापलेल्या काँक्रीटवर ठेवू नका. फोटोसाठी मोठा मासा जबड्याने उभा लटकवू नका, दुसरा हात पोटाखाली द्या. तुम्हाला श्वास रोखवेल तेवढाच वेळ तो बाहेर. टेक्ससच्या ऑगस्टमध्ये पाणी कोमट असतं, त्यात प्राणवायू कमी, आधीच दमलेला मासा चटकन मरतो. अशा दुपारी मी जातच नाही. आणि गळ घशाच्या खोल आत गेला असेल तर ओढाओढ नको. सहज निघत नसेल तर लाइन जवळून कापून सोडलेल्या माशाची जगण्याची शक्यता जास्त. चाळीस सेंटचा गळ गेला तर गेला. बजेटमध्ये लांब चोचीची पक्कड आणि कात्री धराच.

लायसन्स! हे विद्यार्थ्यांनो, कान देऊन ऐका. १७ वर्षं पूर्ण असतील तर लागतं, गोड्या पाण्याच्या परवानगीसकट. टेक्ससमध्ये सलग सहा महिन्यांहून जास्त राहिला असाल तर रहिवाशाच्या दरात मिळतं. ऑनलाइन दहा मिनिटांचं काम. विनालायसन्स पकडलं तर नुसती पार्किंगसारखी पावती नसते, तो किरकोळ का होईना पण गुन्हा धरला जातो. व्हिसावर असताना अशी नोंद कशाला हवी? अजून घेतलं नसेल आणि या शनिवारी जायचंच असेल, तर स्टेट पार्कमध्ये काठावरून लायसन्सशिवाय मासेमारी चालते. आकाराचे आणि संख्येचे नियम तिथेही लागू. अपार्टमेंटचं तळं खाजगी असेल तर ऑफिसात आधी विचारा.

जाता जाता, रायगडमधल्या एकाचा प्रश्न: हाच रॉड खाडीवर जिताड्याला चालेल का? मीडियम अपुरा पडेल, मीडियम-हेवी घ्या. जिताडाही आडोशाला दबा धरतो, तोंडही तसंच मोठं, त्यामुळे मऊ प्लास्टिकची कोळंबी चालते. पण त्याच्या कल्ल्याची कड वस्तऱ्यासारखी असते. ८ पौंडाचा लीडर एका झटक्यात जाईल, ३० ते ४० पौंडाचा बांधा, आणि कल्ल्यात बोटं घालू नका. शिवाय तिथे घड्याळापेक्षा भरती-ओहोटी बघायची. ते तुमच्या गावात गरवायला जाणारा कोणीही काका माझ्याहून चांगलं सांगेल.

आणि टेक्ससवाल्यांनो, काठावर गवतात बसण्याआधी पायाखाली बघा. मातीचा भुसभुशीत ढीग दिसला की तो लाल मुंग्यांचा. चपला घालून जाऊ नका. चला, पुढच्या भागात भेटू.