तक्रारीचा पहिला कागद



तालुक्याच्या कोर्टात उभं आयुष्य काढलेल्या माणसाला तुम्ही वकील मित्रमैत्रिणींनी अध्यक्ष केलंत, तेव्हा मी तालुक्याच्या कोर्टातलंच बोलणार. वाळीत टाकलेल्या माणसाची तक्रार लिहून घेणं, एवढाच माझा विषय आहे.

काही वर्षांपूर्वी कोकणातल्या एका गावचा गृहस्थ माझ्याकडे आला. गावकीने लावलेला दंड त्याने भरला नव्हता. काय झालं विचारलं तर म्हणाला, "काही नाही साहेब, कुणी बोलत नाही." पोलीस ठाण्यातही त्याने हेच सांगितलं होतं आणि 'आपसातला वाद' म्हणून त्याला परत पाठवलं होतं. मारहाणीचा वळ दाखवता येतो, चोरीचा पंचनामा होतो. वाळीत टाकलेल्याने काय दाखवायचं? गिरणीवाला दळण घेत नाही, दुकानदार मीठ देत नाही, घरात मयत झालं तर खांद्याला माणूस मिळत नाही.

मी त्याला कलमं सांगायला लागलो. माझ्यासोबत एका संघटनेची कार्यकर्ती होती, तिने मला थांबवलं. वही उघडून ती विचारत गेली. दळण घेऊन कोणत्या वारी गेलात? डब्यात तांदूळ होते की नाचणी? गिरणीवाला नेमकं काय म्हणाला? तेव्हा ओट्यावर कोण कोण बसलं होतं? दोन तासांत 'कुणी बोलत नाही' याची चार पानं झाली. मग त्याच्या म्हाताऱ्या आईने कनवटीची पिशवी सोडली आणि घडी घातलेली एक पावती पुढे केली. तिच्या थोरल्या मुलाने पूर्वी भरलेल्या दंडाची होती ती, खाली पंचांच्या सह्या. त्या क्षणी प्रकरण उभं राहिलं. इतक्या वर्षांच्या वकिलीत मला असं लिहून घेणं कुणी शिकवलं नव्हतं.

आज आपल्या हाती कायदा आहे, तोही अशाच वह्यांमधून आला. जातीतल्याच पंचांनी जातीतल्याच माणसाला वाळीत टाकलं, तर त्याला थेट लागू होणारा कायदा बराच काळ नव्हता. 1949 चा मुंबई प्रांताचा वाळीत टाकण्याविरुद्धचा कायदा सर्वोच्च न्यायालयाने 1962 मध्ये रद्द ठरवला होता. 2013 पासून महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींच्या विरोधात मोहीम उघडली, गावोगावच्या तक्रारी चव्हाट्यावर आणल्या. त्याच वर्षी 20 ऑगस्टला पुण्यात समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला, तरी कार्यकर्ते मागे हटले नाहीत. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा 2016 मध्ये विधिमंडळाने केला आणि जुलै 2017 मध्ये तो लागू झाला. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. गुन्हा दखलपात्र आहे, त्यामुळे 'आपसातला वाद' हा शेरा आता चालत नाही. तक्रारदार अनुसूचित जाती-जमातीचा आणि बहिष्कार घालणारे त्याबाहेरचे असतील, तर 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही आहेच. 2015 च्या दुरुस्तीने त्यात बहिष्काराचा स्पष्ट उल्लेख आला.

पण खरा ताण तक्रारीनंतर सुरू होतो. सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्यात पीडिताच्या संमतीने आणि कोर्टाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते. ती वाट चांगली आहे, कारण माणसाला शेवटी त्याच गावात राहायचं असतं. मात्र संमती कुणी, कुठे बसून घेतली, हे कोण पाहणार? भावकीने घेरलेल्या ओटीवर दिलेल्या होकाराला मी संमती मानत नाही. अशा वेळी संघटनेचा माणूस त्या घरात मुक्कामाला राहिलेला मी पाहिला आहे. आपण मात्र पुढची तारीख घेऊन घरी जातो. हे मला सलतं.

म्हणून मागणं एकच आहे. सभागृहाबाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे. महिन्यातला एक दिवस विनामोबदला संघटनेच्या कार्यकर्त्यांसोबत तक्रारी लिहायला बसायची ज्यांची तयारी असेल, त्यांनी नाव, तालुका आणि वार लिहून जावं. पहिलं नाव माझं आहे, वार शनिवार.