लोणचं टिकतं कशानं?

कैऱ्या बाजारात आल्या की उल्हास नदीकाठच्या आपल्या मोहन्यातही बरण्या धुऊन उन्हात ठेवल्या जातात. लोणचं शिकवायला घरात आजी नसेल, तर कमलाबाई ओगल्यांचं 1970 सालचं ‘रुचिरा’ हे पाककृतींचं पुस्तक आहेच. त्यातली मापं वाटी-चमच्याची, त्यामुळे वजनकाट्यावाचून अडत नाही. पण आधी मिठाचं काम समजून घ्या. किलोभर फोडींना साधारण 150 ते 200 ग्रॅम मीठ लागतं. ते फोडींतलं पाणी ओढून घेतं, मग जंतूंना फारसा वाव उरत नाही. वरचा तेलाचा थर हवा अडवतो. नदीकाठचा आपला पावसाळा दमट. तेल फोडींच्या बोटभर वर हवंच, तिथे काटकसर नको! तेल कडकडीत तापवा, पूर्ण गार झाल्यावरच ओता. आणि बरणीत ओला चमचा? अजिबात नाही.