कुरणासाठी गवत कोणते?

सन २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात ५३ कोटी ५७ लाखांहून अधिक पशुधन आहे. कायमस्वरूपी चराऊ कुरणांखालील जमीन मात्र सुमारे १ कोटी हेक्टर, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या जेमतेम ३ टक्के. एवढ्याशा जमिनीवर गवताची निवड चुकणे परवडणारे नाही.

उष्ण ऋतूत वाढणारी बहुतेक गवते ‘सी-४’ गटातील आहेत. प्रखर उन्हात, कमी पाण्यावर अधिक कर्बग्रहण करण्याची क्षमता त्यांच्या पानांच्या रचनेत असते. परीक्षेत एवढे उत्तर पुरते, कुरणात पुरत नाही. दबडघाव व शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये भारतीय तृणभूमीचे जे पाच प्रमुख प्रकार मांडले, त्यांपैकी सेहिमा-डायकॅन्थियम प्रकारात द्वीपकल्पाचा मोठा भाग येतो. तेथे काळ्या जमिनीत मारवेल उत्तम. मुरमाड उतारावर सेहिमा प्रजातीतील गवते. चराई अती झाली की त्यांची जागा कुसळी घेते. कोवळेपणी जनावरे ती खातात, पण पक्व झाल्यावर तिची कुसळे तोंडात आणि मेंढ्यांच्या कातडीत रुततात. शेतकरी कुटुंबांतून आलेल्या श्रोत्यांना हे पुस्तकातून शिकावे लागणार नाही.

पश्चिम राजस्थानचे उदाहरण अधिक बोलके आहे. जैसलमेर परिसरात वार्षिक पाऊस २५० मिलिमीटरहूनही कमी. तेथील वाळूत सेवण हे बहुवर्षायू गवत टिकते, थारपारकर गाईंना पोसते आणि मुळांनी वाळू धरून ठेवते. पाऊस ३०० मिलिमीटरच्या पुढे गेला की अंजन सरस ठरते. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी पोहोचल्यावर सेवणाची पुष्कळ कुरणे नांगराखाली आली. पीक हाती आले खरे, परंतु ट्रॅक्टरने उपटलेला जुना ठोंब सहजासहजी परत येत नाही.

पेरणीतही अडचण आहे. अंजनाचे बी हलके व केसाळ असल्याने वाऱ्याने उडते. म्हणून ते ओलसर वाळूत मिसळून उथळ पेरतात. खोल गेलेले बी उगवत नाही. पहिल्या वर्षी चराई पूर्ण बंद ठेवावी लागते, आणि योजना बहुधा येथेच अडते. त्या वर्षी भूमिहीन पशुपालकाने जनावरे न्यायची कोठे, हे ग्रामसभेत पेरणीपूर्वीच ठरलेले असावे लागते. कुरणाचा एक भाग खुला ठेवून उरलेल्यात पेरणी करणे, हा त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग आहे.