घाट परतीपासून मोजावा



तुळशीचं लग्न लागलं, पहाटे अंगावर पांघरूण ओढावंसं वाटू लागलं, की कल्याण-डोंबिवलीत एकमेकांना विचारणा सुरू होते, रविवारी माळशेज घाटात यायचं का? हल्ली मुलीही आपापल्या गाड्या काढून निघतात, याचा मला मनापासून आनंद होतो. आठवडाभर लोकलच्या गर्दीत चेंगरलेल्या माणसाला मोकळा रस्ता हवासा वाटणारच. मी स्वतः गेली पंचवीस वर्षं मोटरसायकलवरून त्या वाटेला जातो आहे. त्यातून एक गोष्ट शिकलो. किती वाजता निघायचं हे सगळेच ठरवतात. घाट उतरायला किती वाजता लागायचं, हे त्याच्याही आधी ठरवायला हवं.

डिसेंबरात आपल्याकडे सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. माळशेजहून कल्याणला येताना आपलं तोंड पश्चिमेला असतं. साडेचार-पाचचं ऊन थेट डोळ्यांत येतं, हेल्मेटच्या काचेवरचा एकेक ओरखडा चमकायला लागतो आणि समोरून येणारा ट्रक नुसता काळा ठिपका दिसतो. अंग दमलेलं असतं, पोटात जेवण असतं. रविवार असेल तर सगळी गर्दीही त्याच वेळी परतत असते. म्हणून मी कागदावर पहिल्यांदा लिहितो, दुपारी दोन, उतरायला सुरुवात. मग उलटा मोजत येतो. माथ्यावर अकराला पोचायचं, वाटेत दोनदा थांबायचं, म्हणजे डोंबिवली सातला, उजाडल्यावर सोडायची. अंतर आहे नव्वदेक किलोमीटर. मोबाइल याला लागणारा वेळ बराच कमी सांगतो. त्या हिशोबात ना चहा असतो, ना आखडलेली पाठ.

शहाडचा पूल सकाळी लवकर ओलांडला की निम्मी कटकट संपते. म्हारळ, वरप, कांबा मागे पडतात, रायत्याला उल्हास नदी लागते, पुढे गोवेली, मामणोली आणि मुरबाड. मुरबाडला टाकी भरून घ्यावी, चाकांतली हवा पाहावी, पाय मोकळे करावेत. इथून पुढे सरळगाव, टोकावडे, वैशाखरे, मोरोशी. भाताची कापणी झालेली असते. पेंढ्याने भरलेला टेम्पो निम्म्या रस्त्यावर पसरून चाललेला दिसतो, रस्त्यावर सांडलेल्या काड्यांवरून चाक घसरतं. गावांतून मुलं, गुरं, डोक्यावर मोळी घेतलेल्या बायका रस्त्याच्या कडेनेच चालतात. आपल्यासाठी तो सहलीचा रस्ता आहे, त्यांच्यासाठी ते अंगण आहे. तिथे वेग कमी करायचा म्हणजे खरंच कमी करायचा, नुसता हॉर्न वाजवून भागत नाही. पौष पौर्णिमेच्या सुमाराला जात असाल, तर मुरबाडजवळच्या म्हसा गावची यात्रा भरलेली असते, गुरांचा मोठा बाजार असतो. तेव्हा एवढीच सहल करावी, घाट दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा. म्हशाची घोंगडी पाठीला बांधून आणण्यातही मोठं सुख आहे.

वैशाखऱ्याला मी नेहमी थांबतो. इथूनच नाणेघाटाची पायवाट वर चढते. सातवाहनांच्या काळात कल्याण बंदरातला माल याच घाटाने जुन्नरला जाई. वरच्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे. घाटमाथ्यावर दगडाचा मोठा रांजण आहे, त्यात जकातीची नाणी टाकत असं लोक सांगतात. मला मात्र सगळ्यांत मोलाची वाटतात ती तिथे कातळात खोदलेली पाण्याची टाकी. दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी ही वाट आखली, त्यांनी माणूस दमणार, त्याला पाणी लागणार, सावलीत बसावंसं वाटणार, हे धरूनच ती आखली. विसावा हा वाटेचाच भाग होता. आपण मात्र न थांबता किती तासांत पोचलो, ते मित्रांना अभिमानाने सांगतो.

मोरोशीच्या पुढे घाट सुरू होतो. हा रस्ता पुढे अहिल्यानगर, परभणी, नांदेड करत थेट तेलंगणातल्या निर्मळला जातो, त्यामुळे अवजड वाहनं सतत असतात. वळणावर ट्रकला पूर्ण रुंदी लागते, हे गृहीत धरूनच वळण घ्यावं. ब्रेक वळणाच्या आधी, वळणात नाही. वेग तीसचा साठ झाला की ब्रेक लागल्यावर थांबायला दुप्पट नव्हे, चौपट अंतर लागतं. नजर वळणाच्या शेवटाकडे ठेवावी. कठड्याकडे पाहत राहिलात तर गाडी कठड्याकडेच जाते. उजव्या वळणाला एक धोका चटकन लक्षात येत नाही. गाडी कलली की चाकं आपल्या बाजूला राहतात, पण आपलं डोकं मधली रेघ ओलांडून पलीकडे गेलेलं असतं. म्हणून उजवं वळण डावी कड धरूनच घ्यायचं. आणि जिथे रस्ता अरुंद असेल तिथे चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नुसता रिवाज नाही, वाहतुकीचा नियम आहे.

पेट्रोल वाचवायला काहीजण न्यूट्रलमध्ये उतरतात. कृपा करून असं करू नका. ज्या गिअरमध्ये चढलात, त्याच गिअरमध्ये उतरावं, म्हणजे इंजिनच गाडी रोखून धरतं. वीसेक वर्षांपूर्वी मी उतारभर मागच्या ब्रेकवर पाय ठेवून आलो. मागचा ड्रम तापला आणि एका वळणाआधी पेडल दाबलं तर गाडीवर काही परिणामच नाही. पुढचा ब्रेक आणि पहिला गिअर, यांनी मला वाचवलं. अर्धा तास दगडावर बसून होतो. मागे बायको बसली होती. ती तेव्हा एक शब्द बोलली नाही, आणि तिचं ते गप्प बसणं मला अजून आठवतं.

मागे बसणाऱ्याचा विचार आखणीत सगळ्यांत शेवटी होतो, तो आधी व्हायला हवा. त्यालाही आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट, आणि पट्टा हनुवटीखाली बसलेला. ओढणीचं टोक चेनकडे जाणार नाही असं खोचलेलं. दोघांच्या हातांत मोजे, कारण सकाळच्या गारठ्यात बोटं बधिर झाली की क्लच आणि ब्रेक दोन्ही उशिरा दाबले जातात. चारपाच गाड्या असतील तर सगळ्यांत नवखा दुसरा ठेवावा आणि सगळ्यांत जाणता शेवटी. वेग नवख्याचा, बाकीच्यांनी तो पाळायचा. घाटात मोबाइलची रेंज भरवशाची नसते, तेव्हा कुठे थांबायचं ते मोरोशीलाच बोलून घ्यावं.

पावसाळ्यात जावं का, असं मला नेहमी विचारतात. धबधबे सुंदर असतात, मला मान्य आहे. पण दरडी कोसळतात, धुक्यात चार हात पुढचं दिसत नाही, धबधब्यांजवळ मनाईचे आदेश निघतात. पहिल्यांदा जाणाऱ्याने कार्तिक ते माघ एवढाच काळ धरावा. पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी तेव्हा निळं असतं, आणि गर्दी नसलेल्या दिवशी माथ्यावर वाऱ्याशिवाय आवाज नसतो.

दोन वाजले, की उठायचं. कितीही छान वाटत असलं तरी उठायचं. साडेतीन-चारला मुरबाड येतं. तिथे चहा सांगा, हेल्मेटची काच ओल्या फडक्याने पुसून घ्या, आणि घरी फोन लावा, घाट उतरलो, दिवे लागायच्या आत येतो.