‘इल’ आला, की ‘इल’ आले?

चाकणला व्हॅलिओसारख्या फ्रेंच कंपन्यांचे कारखाने आहेत. शिफ्ट सांभाळून फ्रेंच शिकणाऱ्या तिथल्या तरुण मंडळींसाठी आज मी, तू, तो या साध्या सर्वनामांविषयी बोलतो.

मराठीत सर्वनाम आपण सहज गाळतो. ‘येतो’, ‘येतेस’, ‘येतात’ एवढं म्हटलं तरी काम भागतं. कर्ता क्रियापदातच असतो. हीच सवय फ्रेंचमध्ये घात करते. तिथे बोलण्याच्या क्रियापदाची मी, तू, तो, ते यांची रूपं लिहिताना बदलली, तरी कानाला ऐकू येतं एकच, ‘पार्ल’. मी बोलतो म्हणजे ‘झ पार्ल’, तू बोलतोस म्हणजे ‘त्यू पार्ल’. सर्वनाम काढलंत, तर कोण बोलतंय हे कळायचं कसं?

त्यातून ‘तो’ही ‘इल’ आणि ‘ते’ही ‘इल’. क्रियापद स्वरानं सुरू झालं, तरच अनेकवचनाचा दडलेला ‘झ’ उमटतो. ‘इलारीव’ म्हणजे तो पोहोचतोय, ‘इल्झारीव’ म्हणजे ते पोहोचताहेत. विमानतळावर गाडी एकासाठी पाठवायची की चौघांसाठी, हे त्या एका ‘झ’वरून ठरेल, म्हणून कान तयार करा.

‘वू’ म्हणजे तुम्ही, एकालाही आणि अनेकांनाही. साहेबांना ‘तुम्ही’ म्हणणाऱ्यांना हे वेगळं शिकवायला नको. ‘त्यू’वर मात्र समोरच्यानं सुचवल्यावरच या.

फ्रेंचमध्ये नपुंसकलिंग नाही. मशीन तिथे ‘ती’, म्हणजे ‘एल’. पण आपलं ‘ते’ इंजिन तिथे ‘इल’ होतं. नवराबायकोला आपण नपुंसकलिंगी ‘ती दोघं’ म्हणतो. फ्रेंचमध्ये दहा बायकांत एक पुरुष असला, तरी सगळ्यांना मिळून पुल्लिंगी ‘इल’.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आपला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला भेद. ‘आम्ही ठरवलं’मध्ये ऐकणारा बाहेर, ‘आपण ठरवलं’मध्ये तो आत. फ्रेंचमध्ये दोन्हींसाठी एकच ‘नू’, ते हे सांगत नाही. मीटिंगमध्ये ‘नू’ ऐकलंत, तर त्यात तुम्ही आहात का, हे सरळ विचारून घ्या.

रोजच्या बोलण्यात ‘नू’ऐवजी ‘ओं’ येतं आणि त्याचं क्रियापद ‘तो’सारखं एकवचनी राहतं. ‘ओं व्हा’ म्हणजे आपण जातो. ‘लोक असं म्हणतात’ यातल्या लोकांनाही ‘ओं’च. पुस्तकांतल्या तक्त्यात त्याला बहुधा वेगळी ओळही नसते. ‘इल’, ‘एल’च्या शेजारी ते कोपऱ्यात बसलेलं असतं. तुम्ही मात्र पहिल्या आठवड्यापासूनच ते वापरायला लागा.